रबराचा मासा अन् पाच ग्रॅमचं वजन: हलक्या रॉडनं सुरुवात करायची तर

माजलगावच्या बॅकवॉटरला पहिल्यांदा छोटी रॉड घेऊन उभा राहिलो तेव्हा काठावर जाळं आवरत बसलेले एक भोई मामा लै वेळ बघत होते, मग म्हणाले, "काय करायलाव मालक ह्या खेळण्यानं?" मी त्यांना हातातला तीन इंची रबरी मासा दिला, त्यांनी तो दाबून बघितला, वास घेतला अन् परत माझ्या हातावर ठेवला, "हे कोण खातंय, मासे काय येडे हायत का?" त्या दिवशी त्यांचंच खरं झालं, संध्याकाळपर्यंत एक टोचा सुद्धा नाही. पण चूक रबराची नव्हती, माझी होती, मी ते रबर मोटरसायकल पळवल्यासारखं ओढत होतो. सॉफ्ट प्लास्टिकमध्ये, म्हणजे ह्या रबरी माशांच्या खेळात, नव्वद टक्के लोकांचं इथंच चुकतं म्हणून आधीच सांगून टाकतो, हळू. वाटतंय त्याच्या निम्म्या स्पीडनं, अन् त्याच्याहून अजून थोडं हळू.

आता आपल्या पाण्यात हे खातं कोण ते बघा, नाहीतर दोन महिने रोहूची वाट बघत बसाल. रोहू, कटला, मृगळ ह्यांच्यासाठी कणकेचा गोळाच बरा, रबराच्या मागं ते सहसा येत नाहीत, चुकून अंगाला गळ लागून आला तर ती गोष्ट वेगळी. रबराचं खरं गिऱ्हाईक म्हणजे मरळ अन् शिवडा, दोघंही दुसऱ्या माशाला गिळणारे. चिलापी पण घेते पण तिचं तोंड लहान, तिला दीड-दोन इंची बारीक रबर लागतं अन् घरटं राखत असली की रागानं जास्त मारते. गोदावरीच्या पट्ट्यात शिंगाडा कधीमधी तळावर उचलतो. एवढंच. यादी छोटी आहे पण ह्यातली दोन किलोची मरळ हलक्या रॉडवर एकदा लागली की पुढचे आठ दिवस झोपेत पण हात वाकतो.

सामानाचं. गावाकडं आपण जो जाड तंगूस वापरतो ना, हाताला गुंडाळून फेकायचा, तो इथं चालत नाही, कारण पाच ग्रॅमचं वजन तो जाड दोरा ओढून नेऊच शकत नाही, पाच हातावर पडेल अन् तुम्ही म्हणाल रॉड भंगार आहे. साडेसहा ते सात फुटाची स्पिनिंग रॉड घ्या, लाइट किंवा मीडियम लाइट, अन् हँडलच्या वर बारीक अक्षरात ल्युअर वेट, म्हणजे रॉड किती वजनाचं आमिष फेकते ते, लिहिलेलं असतं ते चष्मा लावून वाचा, ५ ते १५ ग्रॅमच्या आसपास पाहिजे. दुकानदार सांगेल ही रॉड सगळ्याला चालते, सगळ्याला चालणारी रॉड कशालाच धड चालत नाही. रील २००० किंवा २५०० साइजचं. महागड्या बेअरिंगच्या आकड्यांच्या नादी लागू नका, ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की दोरा सोडणारी रीलची पकड, गुळगुळीत सुटतो का एवढं हातानं दोरा ओढून बघा, झटके देत सुटला तर ठेवा तिथंच.

दोरा ब्रेड घ्या (खायचा नाही, विणलेला), पीई १ नंबर (हा दोऱ्याच्या जाडीचा नंबर). ताणत नाही म्हणून तळाला काय चाललंय ते बोटाला कळतं, अन् ह्या खेळात बोटाला कळणं हेच सगळं आहे. फक्त ब्रेड नुसत्या स्पूलवर, म्हणजे रीलच्या दोरा गुंडाळायच्या रिळावर, घसरतो, सगळा दोरा गोल गोल फिरतो अन् माणूस येडा होतो, म्हणून आधी खाली साध्या नायलॉनचे आठ-दहा वेढे घ्या. स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा. पुढं हात-दीड हात फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा वेगळ्या दोऱ्याचा तुकडा, १२ ते १६ पौंडाचा, डबल युनी गाठीनं जोडायचा, ब्रेडकडून आठ वेढे अन् लीडरकडून चार-पाच. गाठ ओढायच्या आधी थुंकीनं ओली करा, कोरडी ओढली की दोरा घासून तापतो अन् तिथंच कच्चा होतो, मासा गेल्यावर दोऱ्याच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ दिसला तर समजा गाठ सुटली होती, दोरा तुटला नव्हता.

ड्रॅग अंदाजानं लावू नका. बाजारात बॅग मोजायचा हुकवाला काटा मिळतो, दोऱ्याचं टोक त्याला अडकवा अन् ओढा. १२ पौंडाचा लीडर म्हणजे साधारण साडेपाच किलोचा, त्याच्या चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे दीड किलोच्या आसपास काटा आला की रील सुटायला पाहिजे.

रबर कोणतं? दुकानात गेलं की पेढ्याच्या दुकानात लेकरू उभं राहिल्यासारखं होतं, सगळंच घ्यावं वाटतं. दोनच घ्या. एक पॅडल टेल, म्हणजे ज्याच्या शेपटीला चपटं पाऊल असतं ते, अडीच-तीन इंची. दुसरं गोल वळलेल्या शेपटीचं ग्रब, दोन इंची. पावसाळ्यानंतर पाणी चहासारखं असतं तेव्हा पोपटी किंवा काळं, हिवाळ्यात पाणी निवळलं की पांढुरकं, मातकट हिरवं. बास. लसणाच्या वासाचं रबर पण मिळतं, खोटं नाही, मामांना सांगितलं तर म्हणाले मग मिरची पण लावा.

सोबत जिगहेड, म्हणजे डोक्यालाच शिसं ओतलेला गळ, ३, ५ अन् ७ ग्रॅमचे, गळ १/० किंवा २/० साइजचा. नव्या माणसानं ५ ग्रॅमपासून सुरुवात करावी, ३ ग्रॅम दुपारच्या वाऱ्यात कुठं गेलं तेच कळत नाही.

आता रबर ओवायचं, अन् हे नीट वाचा कारण इथं मी दोन पाकिटं वाया घालवली. जिगहेड रबराच्या शेजारी धरा, नाकाला नाक लावून, गळाचा वाक जिथं संपतो तिथं रबराच्या पाठीवर नखानं खूण करा. मग गळाचं टोक नाकाच्या बरोब्बर मधून घाला, रबर गळावर सुईत मोगरा ओवल्यासारखं पुढं सरकवत न्या अन् खुणेवर टोक बाहेर काढा. शिशापर्यंत वर ढकला. आता हातात लोंबकळत धरून बघा, सरळ आहे का? कुठं फुगलंय, कुठं वाकलंय? वाकडं असेल तर पाण्यात भोवऱ्यासारखं गरगरतं, दोऱ्याला पीळ पडतो अन् मासा लांबूनच सलाम करतो. काढा, परत ओवा, कंटाळा करू नका. सरळ बसलं की मानेशी फेविक्विकचा एक थेंब, नाहीतर दर टोच्याला रबर खाली घसरतं.

फेकायचं कसं, तर ज्यानं लहानपणी ज्वारीवरची पाखरं हाणायला गोफण फिरवलीय त्याला पाच मिनिटांत येतं. रीलची दांडी मधल्या दोन बोटांत धरा, दोरा पहिल्या बोटाच्या पेरावर घ्या, रीलवरची दोरा अडवणारी तार उघडा, रॉडच्या टोकापासून दीड-दोन वीत दोरा लोंबता ठेवा. ताकद नाही, मनगट. सगळा खेळ बोट सोडायच्या वेळेचा आहे, लवकर सोडलं तर रबर आभाळात जातं, उशिरा सोडलं तर पायापुढं आपटतं. घरामागच्या मोकळ्या रानात गळ न लावता नुसतं वजन बांधून दोन संध्याकाळी प्रॅक्टिस करा, लोक हसतील, हसू द्या. फेकून झालं की तार हातानं बंद करायची अन् दोरा एकदा बोटानं ताणून घ्यायचा, रीलच्या हँडलनं तार पाडायची सवय लागली की दहाव्या फेकीला दोऱ्याचं पाखराचं घरटं होतं.

रबर पाण्यात पडलं की ओढायची घाई नको, मनात मोजा. एक, दोन, तीन… दोरा एकदम ढिला पडला म्हणजे तळ लागला. सहा आकड्यांत लागला असेल तर पुढच्या फेकीला तिसऱ्या-चौथ्या आकड्यालाच दोरा ढिला पडला किंवा बाजूला चालायला लागला तर तो तळ नाही, तोंड आहे. झटका मारा. जिगहेडवर बहुतेक टोचे रबर खाली पडतानाच येतात, म्हणून पडताना रॉड थोडी खाली आणत दोरा जवळपास ताणलेला ठेवायचा, अन् नजर पाण्यावर नाही, दोऱ्यावर. तळ लागला की रॉड वीत-दोन वीत वर उचला, पडू द्या, ढिला झालेला दोरा गुंडाळा, परत उचला. मुरमाचा तळ टक टक लागतो, काळ्या गाळात रबर पडलं की कुणीतरी हळूच धरून ठेवल्यासारखं होतं, तो मासा समजून मी शंभर वेळा झटका मारलाय. दुसरी पद्धत सोपी, एकसारखं हळू गुंडाळत आणायचं, शेपटीची थरथर रॉडच्या दांडीत जाणवेल एवढ्याच स्पीडनं. थरथर थांबली तर फार हळू, रबर वर आलं तर फार जोरात.

बॅकवॉटरच्या कडेला बेशरम वाढलेली असते, पाण्यात बुडालेल्या वेड्या बाभळीचे खुंट असतात, अन् मरळ नेमकी तिथंच बसते. तिथं उघडा गळ फेकला तर गेला. तिथं ऑफसेट गळ, म्हणजे मानेशी वाकवलेला गळ, लावायचा, नाकातून अर्धा सेंटिमीटर घालून खाली काढायचा, गळ फिरवून टोक परत रबराच्या अंगात खुपसायचं अन् पाठीच्या कातड्याखाली लपवायचं, दोऱ्यावर पुढं गोळीसारखं ३-५ ग्रॅमचं सुटं वजन. बेशरमीतून साप निघावा तसं ते अलगद निघून येतं. मरळीला हवेवर श्वास घ्यायला वर यावं लागतं, गुळुप् असा आवाज अन् एक गोल लाट उठते, ती दिसली की तिच्या डोक्यावर फेकू नका, दोन हात पलीकडं फेका अन् तिच्या समोरून न्या. इथं टोचा आला की लगेच मारायचं नाही, एक श्वास थांबायचं, रॉड खाली, दोरा ताणला की मग जोरात, कारण गळाला आधी रबर फोडून बाहेर यायचंय. अन् दाट झाडीत पीई १ कमी पडतो हे खरंय, हलक्या सामानानं झाडीच्या कडेनंच खेळावं, आत घुसायला जाड ब्रेडची वेगळी रॉड लागते. पाण्यात बारीक लालसर पिल्लांचा थवा अन् खाली मोठी मरळ दिसली तर मात्र तिला सोडा, ती पिल्लं राखतीय, आई-बाप गेले की दोन दिवसांत पिल्लं दुसऱ्याच्या पोटात जातात.

जागा शोधायची युक्ती फुकटची आहे. मे महिन्यात धरण उतरलं की काठाकाठानं चालायचं अन् मोबाइलवर फोटो काढायचे, कुठं जुना बांध आहे, कुठं बैलगाडीची वाट, कुठं खुंट. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली तेव्हा मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता, ते दुःखच, पण ज्यांनी तेव्हा तळ बघून ठेवला त्यांना नंतर कुठं फेकायचं हे विचारावं लागलं नाही. पाणी भरल्यावर त्या बुडालेल्या बांधाच्या उतारावर रबर टप्पे घेत उतरवायचं. सीझन म्हणाल तर दसऱ्यापासून होळीपर्यंत सगळ्यात बरा, सकाळी वारा सुटायच्या आत. पावसाळ्याचे पहिले महिने माशांच्या अंड्यांचे, तेव्हा रॉड घरात.

रबर सांभाळायचं पण शास्त्र आहे. ते पीव्हीसी अन् तेलाचं बनलेलं असतं, साध्या प्लास्टिकच्या डब्यात भरलं की डबा अन् रबर दोन्ही विरघळतात, वेगळे रंग एकत्र ठेवले तर एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. मी एप्रिलमध्ये गाडीच्या डिक्कीत ठेवलेले सगळे मासे चिकटून एक चार रंगांचा गोळा झाला, गणपतीला लावायचा शेंदूर दिसावा तसा. ज्या पाकिटात आलं त्यातच ठेवा, सावलीत.

परवानगी विचारल्याशिवाय उतरू नका. आपल्याकडं बहुतेक धरणं अन् तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असतात, त्यांचं पोट त्यावर आहे, आधी जाऊन दोन शब्द बोललं तर माणसं चहा पाजतात अन् जागा पण दाखवतात. पैठणचा नाथसागर तर पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनविभागाला विचारल्याशिवाय रॉड उघडायचीच नाही. तुटलेला दोरा कुठंच टाकू नका, खिशात घाला, पाखराच्या पायात अडकतो.

कालव्याला आवर्तन सुटलेलं असताना त्याच्या उतरत्या सिमेंटवर उभं राहू नका, शेवाळावरून पाय गेला तर वर यायला धरायला काही नसतं. उतरलेल्या धरणाचा गाळ वरून वाळलेला दिसतो अन् आत मांडीपर्यंत नेतो, काठीनं टोचून मगच पाय टाका. रॉड कार्बनची असते, तिच्यातून करंट जातो, शेतातल्या लोंबत्या तारांखाली उभी धरून चालू नका अन् वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की रॉड आडवी ठेवून लांब व्हा.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, मासा सोडायला सोपं जातं अन् स्वतःच्या बोटात घुसला तर दवाखान्याचा खर्च वाचतो. मरळ अन् शिवडा दोघांच्याही तोंडात बारीक दात असतात, बोट घालू नका, ओल्या फडक्यानं धरा अन् लांब नाकाच्या पक्कडीनं गळ काढा. छोटा शिवडा तर सोडाच, पूर्वीसारखा तो राहिलेला नाही हे मामा पण सांगतात.

अन् हो, मामा. तिसऱ्या खेपेला त्याच जागी पोपटी पॅडल टेलवर पावणेदोन किलोची मरळ लागली, मामांनीच होडीतून हात लावून वर घेतली. तिच्या जबड्यातून रबर सोडवलं, उलटंपालटं करून बघितलं, शेपटी अर्धी तुटली होती, अन् काही न बोलता ते त्यांच्या बंडीच्या खिशात गेलं.