जमीन पार्कमालकाची, घर आपलं: टेक्ससमध्ये कर्ज काढताना

"सातबाऱ्यावर नाव नाही आणि घर घेतलंस?" सांगलीहून आईचा पहिला प्रश्न हाच होता. सॅन अँटोनियोजवळच्या एका पार्कात, म्हणजे भाड्याच्या जागेवर आपापली घरं ठेवायच्या वसाहतीत, आमचं घर आहे, कारखान्यात दोन भागांत बांधून ट्रेलरवरून आणलेलं. खालची जमीन पार्कमालकाची, तिचं लॉट रेंट महिना 610 डॉलर.

आमची चूक आधी सांगतो. आम्ही घर पसंत केलं, डीलरला बयाणा दिला आणि मग कर्जाला गेलो. कर्ज देणाऱ्याने घराचं काहीच विचारलं नाही, पार्कचा भाडेकरार मागितला. करार महिन्या-महिन्याचा निघाला आणि अर्ज तिथेच अडला. पुढे दुसऱ्या पार्कात तीन वर्षांचा करार मिळाला तेव्हा गाडी हलली. म्हणून घरं बघत फिरण्याआधी पार्कच्या ऑफिसात जा. करार किती वर्षांचा, भाडं दरवर्षी किती वाढणार, घर विकलं तर नवा मालक तिथेच राहू शकतो का, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

जमीन आपली नसली की अशा घरावर सहसा नेहमीचं मॉर्गेज मिळत नाही. मिळतं ते चॅटल लोन, म्हणजे घराला गाडीसारखी जंगम मालमत्ता धरून दिलेलं कर्ज. व्याज जास्त, मुदत कमी. हिशेब करून बघा: 70,000 डॉलर 10 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 675 डॉलर. तेवढीच रक्कम 7 टक्क्यांनी 30 वर्षांसाठी असती तर 466. त्या 675 मध्ये लॉट रेंट मिळवा, मग परवडतं का ते ठरवा. हप्ता थकला तर गाडी ओढून नेतात तसं घरही जप्त होऊ शकतं. आणि हप्ता वेळेवर भरूनही भाडं थकलं तर पार्क बाहेर काढतो. घर उचलून दुसरीकडे न्यायला मला 9,000 डॉलर सांगितले होते.

एफएचए या केंद्र सरकारी संस्थेचा विमा असलेलं टायटल वन कर्ज विचारून बघाच. ते भाड्याच्या जागेवरही चालतं, पण करार निदान तीन वर्षांचा हवा आणि जागा सोडायला लावायची तर 180 दिवसांची नोटीस हवी, अशी अट असते. नुसत्या घरासाठीची मर्यादा वर्षानुवर्षं 69,678 डॉलरवर अडकली होती. 2024 मध्ये ती एका भागाच्या घराला 1,05,532 आणि अनेक भागांच्या घराला 1,93,719 झाली. देणारे मात्र मोजकेच, त्यामुळे फोन बरेच करावे लागतात. क्रेडिट युनियनला, म्हणजे इथल्या पतसंस्थेलाही विचारा. डीलर जो फॉर्म पुढे सरकवतो त्यावर लगेच सही नको. क्लेटन होम्स घरं बांधते, व्हॅन्डरबिल्ट आणि ट्वेन्टी-फर्स्ट मॉर्गेज कर्ज देतात, आणि तिन्ही बर्कशायर हॅथवे या एकाच उद्योगसमूहाच्या. यात गैर काही नाही, पण दुसरा दर हातात असला की बोलणं सोपं जातं.

जुनं घर घेत असाल तर बाहेरच्या भिंतीवर, प्रत्येक भागाला एक, अशी लाल धातूची पट्टी शोधा. 15 जून 1976 पासून लागू झालेल्या हड, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याच्या, नियमांनुसार घर बांधल्याची ती खूण. त्याआधीच्या घराला कर्ज मिळणं महाकठीण. पट्टीवरचा नंबर टीडीएचसीए या राज्य खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की मालक कोण, बोजा कुणाचा, कर थकलाय का, सगळं दिसतं. आमच्या आधीच्या पसंतीच्या घरावर दोन वर्षांचा कर थकलेला निघाला, बरं झालं अडलो.

व्यवहारानंतर त्याच खात्याकडून 'स्टेटमेंट ऑफ ओनरशिप' आपल्या नावावर करून घ्या. टेक्ससमध्ये मालकीचा कागद तोच. माझा आला तेव्हा आईला फोटो पाठवला, खालच्या ओळीत कर्ज देणाऱ्याचं नाव कशाला तेही समजावलं. तिचं उत्तर आलं, "म्हणजे बोजा आहे की रे यावर."