लॅक्स्टनला गेलात तर आधी शेतं बघा

इंग्लंडमधलं जुनं खेडं बघायला जाणारे बहुतेक जण चर्चपासून सुरुवात करतात, पबमध्ये जेवतात आणि परततात. नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टनला जाणार असाल तर चर्च शेवटी ठेवा. ते जुनं आहे, देखणं आहे, पण तशी चर्चं इंग्लंडभर आहेत. लॅक्स्टनसारखी, बिनकुंपणाची आणि लांबट पट्ट्यांत शेतकऱ्यांना वाटून दिलेली शेतं मात्र शोधून सापडायची नाहीत. या गावावर माझा जीव आहे तो त्या शेतांमुळे आणि ती राखणाऱ्या माणसांमुळे.

सुरुवात डव्हकोट इन या पबपाशी करा. तिथेच माहिती केंद्र आहे. तिथे 1635च्या नकाशाविषयी नीट समजून घ्या. सर विल्यम कोर्टन यांनी हे गाव विकत घेतलं आणि मार्क पियर्स या मोजणीदाराकडून त्याचा नकाशा करून घेतला. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात प्रत्येक पट्टा कोणाचा ते दिसतं, आणि शेतात राबणारी चिमुकली माणसंही रंगवलेली आहेत. नकाशाचं चित्र फोनमध्ये घेऊनच बाहेर पडा. पुढे पावलोपावली ते लागेल.

गावाच्या रस्त्यावरून जाताना घरांकडे लक्ष द्या. जुन्या विटांची बरीच शेतघरं रस्त्याला तोंड करून नाहीत, कडेची भिंत रस्त्याकडे करून उभी आहेत. मागे लांबट परसू. इतर खेड्यांत जमिनीची वाटणी होऊन कुंपणं पडल्यावर शेतकरी आपापल्या शेतात घर बांधून राहायला गेले. इथे ते गावातच राहिले, कारण त्यांची जमीन एका जागी कधी नव्हतीच.

आता शेतं. मोठी शेतं तीन आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. आत कुंपण नाही, झुडपांची रांग नाही. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्हींत विखुरलेले. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक. दरवर्षी हे चक्र पुढे सरकतं. पूर्वी पट्ट्यांची संख्या दोन हजारांच्या वर होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते एकत्र करून मोठे केले, म्हणून नकाशातला प्रत्येक पट्टा आज जागेवर मिळणार नाही. शेतांची ठेवण मात्र ओळखू येते.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटच्या कायद्यांनी देशभरच्या अशा शेतांची वाटणी होऊन कुंपणं पडली. इथली जमीन मुख्यतः मॅनव्हर्स आणि स्कारबरो या दोन उमराव घराण्यांत विभागलेली, त्यामुळे वाटणी रखडली ती रखडलीच. 1952मध्ये मॅनव्हर्स घराण्याने गाव सरकारच्या शेती खात्याला विकलं, तेही ही पद्धत टिकावी म्हणून.

शेतात उतरल्यावर पट्ट्यांच्या मधून जाणारे गवताचे सखल तुकडे शोधा. त्यांना साइक म्हणतात. ओलसर आणि नांगराला अवघड, म्हणून कधी नांगरले नाहीत, आणि उन्हाळ्यात फुलांनी भरतात. तिथल्या गवताचा गावात लिलाव होतो. चालताना पिवळ्या बाणांच्या पाऊलवाटा सोडू नका. गव्हाचे कोंब गवतासारखेच दिसतात. जमीन चिकणमातीची आहे, पाऊस झाला असेल तर रबरी बूट हवेतच.

दिवस निवडता येत असेल तर नोव्हेंबरअखेरचा गुरुवार निवडा. त्या दिवशी शेतकऱ्यांमधून नेमलेले पंच नवा गहू पेरलेल्या शेताची पाहणी करतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातात, हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात, आणि कोणी बांध कोरला, रस्त्यात किंवा साइकमध्ये नांगर घातला का ते बघतात. खुंटी कुठे ठोकायची यावर चाललेली त्यांची चर्चा लांबून का होईना, ऐका. शेजाऱ्याच्या तोंडावर त्याची चूक सांगायची आणि उद्या त्याच्याच पट्ट्याला लागून पेरायचं, हे अवघड काम ही माणसं पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत. आठवड्याने डव्हकोटमध्येच कोर्ट लीट भरतं. हे जमीनदारीच्या काळापासून चालत आलेलं गावचं न्यायालय. तिथे दंड जाहीर होतात आणि पुढच्या वर्षीचे पंच नेमले जातात. दंडाची रक्कम किरकोळ असते, पण आपलं नाव त्या यादीत येऊ नये असं प्रत्येकाला वाटतं. तारखा आधी विचारून घ्या, आणि कोर्टाला हजर राहायचं असेल तर परवानगीही.

मग वेळ उरला तर सेंट मायकल चर्च, आणि गावाच्या उत्तरेला नॉर्मन किल्ला. दगडी तट शोधू नका, सगळे मातीचे उंचवटे आणि खंदक आहेत. उतार निसरडा असतो, जपून चढा.