फुलपाखराच्या आधी कढीपत्ता

तिसरी-चौथीच्या वर्गाला फुलपाखराचं जीवनचक्र शिकवायचं ठरवलंत, तर भिंतीवरच्या तक्त्याकडे आत्ता बघूही नका. आधी झाड शोधा. शाळेच्या आवारात नसलं तरी आसपासच्या एखाद्या परसात कढीपत्ता, लिंबू किंवा बेल सापडतोच, आणि लिंबाळी नावाचं पिवळं-काळं फुलपाखरू याच झाडांवर अंडी घालतं. झाडाच्या मालकिणीला महिनाभर पाला लागेल म्हणून सांगून ठेवा, आणि फवारणी करत नाहीत ना, तेही विचारून घ्या. बाजारातल्या जुडीवर विसंबू नका. तिच्यावर औषध असलं तर अळ्या एका रात्रीत मरतात आणि सकाळी चाळीस चेहरे आपल्याकडे बघत असतात. माझ्यावर आली आहे ती वेळ.

मग कॅलेंडर. जुलैत सुरुवात केलेली उत्तम, कारण पावसात झाडाला नवी पालवी असते. अंडं फुटायला तीन-चार दिवस, अळीला दोन-तीन आठवडे, कोषाला आठ-दहा दिवस, असा साधारण महिन्याचा हिशेब धरा आणि शेवटचा आठवडा गणपतीच्या सुट्टीत जात नाही ना, ते पाहा. दिवाळीनंतर सुरू केलंत तर थंडीत कोष आठवडेच्या आठवडे ढिम्म राहू शकतो. मुलं कंटाळतात, मग आपणही.

अंडी कोवळ्या पानांवर, एकेक सुटी असतात. खसखशीच्या दाण्याएवढी, फिकट पिवळी. पाच मुलांमागे एक भिंग हवं. अंडी निदान सहा-सात आणा, सगळी तगत नाहीत. अंड्यातून आलेली अळी आधी टरफलच खाते आणि पहिले काही दिवस हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. वर्गात हसू फुटणारच. फुटू द्या, आणि मग विचारा, ‘तुम्ही चिमणी असता तर हे खाल्लं असतं का?’ हिरवी, मोठी झालेली अळी डिवचली की डोक्यामागून दुभागलेलं नारिंगी शिंग काढते आणि उग्र वास सोडते. एकदा दाखवा, पण प्रत्येकाला डिवचू देऊ नका.

सामान घरातलंच. रुंद तोंडाची पारदर्शक बरणी, झाकणाऐवजी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर, तळाला वर्तमानपत्र. लेंड्या पडतात भरपूर, कागद रोज बदलायचा. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा, पण बाटलीच्या तोंडाला कापूस कोंबा, नाहीतर अळी देठावरून खाली उतरते आणि बुडते. दोन उभ्या काटक्याही हव्यात. कोष करायची वेळ आली की अळी खाणं सोडून भटकायला लागते. आमची एक मच्छरदाणीच्या फटीतून निघाली आणि चार दिवसांनी खडूच्या खोक्याच्या मागे कोष होऊन सापडली. रविवारी पाला कोण घालणार, हे शुक्रवारीच ठरवा.

आता शब्द, कारण गोंधळ तिथेच होतो. केसाळ, अंगाला खाज आणणारा तो सुरवंट; आपली आहे ती गुळगुळीत अळी. ‘कोष’ म्हटलं की मुलांना रेशीम आठवतं. रेशमाचा किडा स्वतःभोवती धागा विणतो. फुलपाखराची अळी शेवटची कात टाकते आणि तिच्या आत तयार झालेला कोष उघडा पडतो. चार वेळा आधीही तिने कात टाकलेलीच असते, तेवढ्या वेळी ती दिवसभर निश्चल बसते. ‘मेली का, बाई?’ असा प्रश्न येतो. हात लावू द्यायचा नाही. तक्त्यांवर कोष बहुधा उलटा लटकलेला असतो. लिंबाळीचा कोष मात्र डोकं वर करून, कमरेला धाग्याचा पट्टा बांधून बसतो, खांबावर चढलेल्या वायरमनसारखा. उलटा लटकणारा बघायचा असेल तर रुईवर बिबळ्या कडवा या फुलपाखराचा शोधा, पण रुईचा चीक डोळ्यांना घातक, म्हणून पानं आपणच तोडायची.

राणी पाकोळी, म्हणजेच २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू ठरवलेलं नीलवंत, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं, हे सांगायला विसरू नका. मात्र पाळायला नेहमीच्याच जाती घ्या. काही फुलपाखरांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

दोन अवघड सकाळींची तयारी आधीच करा. कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशी निघते; तिच्या आईने अळीच्या किंवा कोषाच्या अंगात अंडं घातलेलं असतं. लपवू नका, त्या दिवसाचा धडा तोच. आणि फुलपाखरू निघताना धडपडतं, तेव्हा कोणाचा तरी हात मदतीला पुढे होतो. तो अडवा. बाहेर आल्यावर ते लटकून पंखांच्या शिरांत द्रव भरतं. ते नीट झालं नाही तर पंख कायमचे चुरगळलेले राहतात. रंगीत पाण्याचे थेंब पडले की ‘रक्त!’ म्हणून ओरड होते. ते रक्त नव्हे, कोषात साठलेली घाण.

पंख वाळायला दोन-तीन तास द्या, मधल्या सुट्टीपर्यंत. बाहेर पाऊस असेल तर उद्यापर्यंत थांबा, आणि सोडायला त्याच कढीपत्त्यापाशी न्या.