वारशाने आलेलं सोन्याचं नाणं कसं पारखावं?

जळगावच्या सोन्याचा लौकिक मोठा, आणि सराफ बाजार हाकेच्या अंतरावर. त्यामुळे खान्देशात जुन्या पेटीतून एखादं नाणं निघालं की ते मोडीत घालायची घाई फार होते. ती करू नका. आटवलं की उरतं ते फक्त वजन; नाणं म्हणून त्याला जी वेगळी किंमत मिळाली असती ती कायमची जाते.

सगळ्यात आधी, ते घासू नका. चिंच, रिठा, राख, टूथपेस्ट काहीच लावू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी भाव देतात. कडेला धरून उचला, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढून ठेवा. सोबत मोडी लिपीतली चिठ्ठी किंवा यादी असेल तर तीही जपा. मोडी वाचणारं कोणी ओळखीत नसेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करता येईल.

मग नाणं कोणतं ते ओळखा. आपल्याकडच्या घरांत बहुधा गिन्नी, पुतळी किंवा मोहोर असते.

गिन्नी म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसऱ्या बाजूला बहुधा घोड्यावर बसून ड्रॅगनला मारणारा संत जॉर्ज. वजन 7.98 ग्रॅम, व्यास साधारण 22 मिलिमीटर, सोनं 22 कॅरेट. 1918 साली मुंबईतही सॉव्हरिन पाडले गेले. त्यांवर सालाच्या वर बारीक इंग्रजी ‘आय’ अक्षर असतं. भिंगाने नक्की बघा.

पुतळी मूळची व्हेनिसची. साधारण साडेतीन ग्रॅम, जवळपास शुद्ध सोनं. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकून बसलेला तिथला राज्यप्रमुख असतो. माळेत ओवण्यासाठी तिच्या नकला आपल्याकडे पुष्कळ झाल्या. अक्षरं अर्थहीन रेघोट्यांसारखी दिसली तर ती नक्कल समजा. पण नक्कल म्हणजे पितळ असंही नाही. अशा कितीतरी पुतळ्या सोन्याच्याच असतात, फक्त कस कमी-जास्त.

मोहोर बहुधा दोन तऱ्हेची. कंपनी सरकारच्या 1835 आणि 1841 च्या मोहोरेवर सिंह आणि ताडाचं झाड, वजन 11.66 ग्रॅम. मोगल मोहोर साधारण 11 ग्रॅमची, तिच्यावर बहुतेक वेळा फक्त फारसी मजकूर. खान्देश सुभ्याचं ठाणं असलेल्या बुऱ्हाणपुरातही मोगलांची टांकसाळ होती. मोगल नाण्याची अक्षरं कडेला कापलेली असतात, तो दोष नव्हे. साचा चकतीपेक्षा मोठा असे. ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ असं लिहिलेली राम-हनुमानाची नाणी मात्र चलनातली नव्हेतच. आणि कोणी शिवरायांचा होन म्हणून काही दाखवलं तर तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका. अस्सल होन अतिशय दुर्मिळ आहे आणि बनावट ढीगभर.

आता वजन. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. इथे तोळ्याचा घोळ होतो: जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, बाजारातला आजचा 10 ग्रॅमचा. म्हणून ग्रॅममध्येच बोला. कडी झाळलेली असेल तर तिचं वजनही त्यात येतं, आणि झाळलेल्या नाण्याचा संग्राहकांकडचा भाव पडतो.

यानंतरची परीक्षा घरीच होते, पैसे लागत नाहीत. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याने पाण्यात बुडेल असं लोंबकळतं धरा, तळाला टेकू देऊ नका. दिसणारा आकडा म्हणजे नाण्याचं घनफळ. कोरड्या वजनाला त्याने भागा. गिन्नीचा आकडा 0.45 ते 0.46 येतो आणि भागाकार साडेसतराच्या आसपास. शुद्ध सोन्याचा 19.3, पितळेचा साडेआठच्या जवळ. पुतळीसारख्या लहान नाण्यात काट्याचा बारीक फरकही उत्तर बराच हलवतो, तेव्हा चार-पाचदा मोजून सरासरी काढा. चुंबकावर भिस्त ठेवू नका. तांबं-पितळही चुंबकाला चिकटत नाही.

मग सराफाकडे कॅरेट मोजायच्या मशीनवर तपासा. आधीच स्पष्ट सांगा: कसोटीवर घासायचं नाही, कानस लावायची नाही. मशीन फक्त वरचा थर वाचतं, जाड मुलाम्याने फसू शकतं. म्हणून पाण्याची परीक्षा आणि मशीन दोन्ही जुळायला हवीत.

किंमत दोन पायऱ्यांनी काढा. गिन्नीत शुद्ध सोनं 7.32 ग्रॅम, 1841 च्या मोहोरेत 10.69 ग्रॅम. त्याला त्या दिवसाच्या 24 कॅरेटच्या भावाने गुणा. ही तळाची किंमत. याच्या खूप खाली कोणी मागत असेल तर उठून या. त्यावर किती मिळेल हे साल, टांकसाळ आणि झीज ठरवतात. नेहमीच्या गिन्नीला धातूपेक्षा थोडंच जास्त मिळतं, दुर्मिळ नाण्याला कितीतरी पट. त्यासाठी नाण्यांच्या लिलावात तसंच नाणं प्रत्यक्ष कितीला गेलं ते शोधा. विक्रेत्याने मागितलेल्या किमतीला अर्थ नाही. अभ्यासकाचं मत हवं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे.

विकताना पावती घ्या, भावंडांची लेखी संमती आधी घ्या. भांडवली नफ्यावर कर लागतो. नाणं 1 एप्रिल 2001 पूर्वीपासून घरात असेल तर त्या दिवसाची किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाही. आणि जुना वाडा पाडताना भिंतीत किंवा शेतात सापडलेली नाणी हा वारसा नव्हे: 1878 च्या कायद्यानुसार अशा गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.