शिष्यवृत्तीच्या अर्जाआधी नाडकचेरी गाठा

खानापूर, निपाणीकडून राणी चन्नम्मा विद्यापीठात किंवा बेळगावच्या कॉलेजात प्रवेश घेतलेल्या पोरापोरींनो, शिष्यवृत्तीसाठी शेवटच्या तारखेची वाट बघू नका. कर्नाटकाच्या एसएसपी पोर्टलवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या वेबसाइटवर, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर विचारतात. तो नाडकचेरीतून, म्हणजे दाखले देणाऱ्या स्थानिक महसूल कचेरीतून, मिळालेल्या दाखल्यावरच छापलेला असतो. दाखला हातात पडायला दिवस जातात, म्हणून आधी तेच काम उरका.

आपल्याकडे खरी अडचण येते ती नावाची. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या मार्क्स कार्डवर दुसरं. मराठी नाव कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर हमखास बदलतं. अर्ज भरण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. बँक खातं आधारला जोडलंय का, तेही शाखेत जाऊन विचारा. पैसे त्याच खात्यात येतात.

आणि घरापासून लांब, हॉस्टेलवर जीव घाबरा झाला तर एकट्यानं सोसू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, आणि तिथं मराठीतही बोलता येतं. रॅगिंगचा त्रास असेल तर १८००-१८०-५५२२.