सांबारवडीचे सारण: दिवाळी ते संक्रांत

नागपुरात कोणी बाजारात सांबार मागितला, तर त्याला कोथिंबीर हवी असते. त्याच कोथिंबिरीचे सारण बेसनाच्या पारीत घडी घालून तळले की सांबारवडी, म्हणजेच पुडाची वडी होते. काही घरांत तिला बाकरवडीही म्हणतात, परंतु पुण्याकडच्या खुटखुटीत बाकरवडीशी तिचे केवळ नावापुरतेच नाते आहे. या वडीचा सारा जीव सारणात आहे, आणि सारण चांगले होण्यासाठी महागड्या जिन्नसांपेक्षा कोरडेपणा अधिक मोलाचा आहे, असे माझे अनेक दिवाळ्यांनंतरचे ठाम मत आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते, पाने विरळ होतात आणि भावही चढतो. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की कॉटन मार्केटमध्ये आणि गोकुळपेठेच्या बाजारात हिरव्यागार जुड्यांचे ढीग लागतात. म्हणून दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा काळच या वडीचा खरा काळ होय. जुडी घेताना एक पान बोटांत चुरडून पाहावे. पान कोवळे असेल तर वास लगेच बोटांना लागतो आणि बराच वेळ राहतो. फुलावर आलेली, पाने बारीक दोऱ्यांसारखी झालेली जुडी कितीही स्वस्त मिळाली तरी या कामासाठी घेऊ नये.

साधारण 16 ते 18 वड्यांसाठी अर्धा किलो कोथिंबीर घ्यावी; निवडल्यावर ती 300 ग्रॅमच्या आसपास भरते. मुळे आणि जाड, चिवट देठ काढून टाकावेत, मात्र कोवळे देठ आवर्जून ठेवावेत, कारण पानांइतकाच स्वाद त्यांतही असतो आणि सारणाला त्यांच्यामुळेच दातांखाली येणारा थोडा करकरीतपणा मिळतो. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन कोथिंबीर त्यात बुडवावी, हलकेच हलवून वर उचलून घ्यावी आणि तळाशी वाळू दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदलत राहावे. पातेले कोथिंबिरीसकट चाळणीत उपडे केले, तर खाली बसलेली वाळू पुन्हा पानांवर येते.

यानंतरची पायरी कोणत्याही कारणाने आटोपती घेऊ नये. धुतलेली कोथिंबीर जुन्या सुती लुगड्यावर किंवा धोतरावर विरळ पसरून पंख्याखाली तीन-चार तास वाळवावी, आणि शक्य असल्यास हे काम आदल्या रात्रीच करावे. उन्हात वाळवू नये, त्याने पाने मलूल होऊन रंग उतरतो. एका भाऊबीजेला पाहुणे दारात आले म्हणून मी ओलसर कोथिंबीरच चिरायला घेतली होती. पहिल्याच घाण्यात आतल्या पाण्याची वाफ होऊन तीन वड्या उकलल्या, सारण तेलात पडून काळे झाले आणि त्या तेलाचा कडवटपणा पुढच्या सर्व वड्यांना लागला. त्या दिवसापासून पान बोटांना पूर्ण कोरडे लागल्याखेरीज मी विळी हाती घेत नाही. चिरतानाही लहान मुठी घेऊन धारदार विळीवर किंवा सुरीने बारीक चिरावे. मिक्सरमध्ये पानांचा लगदा होऊन पाणी सुटते.

कोरड्या जिन्नसांत 100 ग्रॅम सुके खोबरे, प्रत्येकी दोन मोठे चमचे खसखस, तीळ आणि चारोळी घ्यावी. इतवारीतल्या किराणा दुकानांत हे सारे एका फेरीत मिळते. खोबऱ्याची वाटी फोडून तिचा वास घ्यावा. किंचितही खवट वास आला तर ती बाजूला ठेवावी, कारण खवटपणा कोणत्याही मसाल्याने झाकला जात नाही. किसलेले खोबरे मंद आंचेवर बदामी रंगावर भाजावे, तीळ तडतडेपर्यंत भाजावेत आणि खसखस शेवटी, गरम कढईत क्षणभरच परतावी, कारण ती डोळ्यांदेखत करपते. चारोळी न भाजता अख्खीच ठेवावी. खोबरे गार झाल्यावर हाताने चुरावे. भाजलेले खोबरे आणि खसखस चवीसाठी असतातच, शिवाय कोथिंबिरीतला उरलासुरला ओलावाही तीच शोषून घेतात. सारण वाढावे म्हणून काही ठिकाणी त्यात शेव किंवा ब्रेडचा चुरा घालतात. घरच्या सणाला ती काटकसर मला पटत नाही.

आठ-दहा हिरव्या मिरच्या, बारा-पंधरा लसूण पाकळ्या आणि इंचभर आले पाणी न घालता खलबत्त्यात कुटावे. नैवेद्याला वड्या करायच्या असतील तर लसूण वगळून आले थोडे वाढवावे. कढईत तीन चमचे शेंगदाण्याचे तेल तापवून त्यात हिंग, अर्धा चमचा हळद आणि हे वाटण घालावे, आणि कच्चा वास जाऊन तेल सुटेपर्यंत परतावे. मग गॅस बंद करावा आणि कढई खाली उतरवूनच कोथिंबीर घालावी. तव्यावरच्या भाजीसारखी ती शिजवायची नसते. फोडणीची ऊब लागून पाने जेमतेम नरम झाली की पुरे. त्यावर खोबरे, खसखस, तीळ, चारोळी, एक चमचा घरचा गरम मसाला आणि एक चमचा साखर घालून सारण परातीत पसरून गार होऊ द्यावे.

मीठ मात्र आताच घालू नये. चिरलेल्या पानांना मीठ लागले की पाणी सुटते, म्हणून पाऱ्या लाटायला घेताना, अगदी भरण्याच्या वेळी, एक चमचा मीठ मिसळून चव पाहावी. त्यानंतर मूठभर सारण दाबून मूठ उघडावी: सारणाचा सैलसर मुटका राहिला आणि तळहाताला फक्त तेलाची चकाकी लागली, तर ते जमले. बोटांच्या फटीतून हिरवे पाणी दिसले, तर आणखी दोन चमचे भाजलेले खोबरे मिसळावे.

आंबटपणा सारणात न घालता पारीला आतून लावतात. लिंबाएवढी चिंच कमी पाण्यात कोळून त्यात थोडा गूळ, तिखट, गरम मसाला आणि चमचाभर तेल घालावे आणि चटणीसारखे दाट होईपर्यंत आटवावे. तिखट भिवापुरी मिरचीचे असेल तर रंग आणि झणका दोन्ही छान येतात.

पारीसाठी दोन वाट्या बेसन, अर्धी वाटी कणीक, ओवा, तिखट, हळद, मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवावे. मोहन जास्त झाले तर वडी तेलात विरते. लंबगोल पारी लाटून तिला चिंचेचा कोळ पातळ लावावा, मधोमध उभे सारण ठेवावे, दोन्ही बाजू एकीवर एक आणाव्यात आणि टोके पाण्याच्या बोटाने दाबून बंद करावीत. आत हवा राहू नये म्हणून हलक्या हाताने वरून थापावे. वडी भरल्यावर ताटकळत न ठेवता सांध्याची बाजू खाली करून मध्यम आंचेवर तांबूस तळावी. तेल फार तापलेले असेल तर वरून रंग येतो आणि बेसन आतून कच्चे राहते.

नागपूरकडे ही वडी ताकाच्या गरम कढीसोबत वाढतात. वडी मधोमध कापून वाढावी, म्हणजे आतले हिरवे सारण आणि चिंचेची तांबडी रेघ दिसते. सारण उरले तर दुसऱ्या दिवशी कणकेच्या पोळीत भरून तव्यावर तेल सोडून भाजावे. मीठ घातलेले सारण त्याहून अधिक काळ ठेवू नये.