हायब्रिड गाडीचं हायवेवरचं ॲव्हरेज घरच्या घरी कसं वाढवावं

मारुतीच्या ग्रँड व्हिटाराची किंवा टोयोटाच्या हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला गाडी ओढणारी मोटर आणि बॅटरी असलेली) घेतलेला माणूस जळगावात भेटला की तक्रार ठरलेली असते: गावात गाडी खूश करते आणि धुळ्याला, सुरतेला हायवेने नेली की ॲव्हरेज उतरतं. कंपन्यांनी या दोन्ही गाड्यांना लिटरमागे २७.९७ किलोमीटरचा आकडा दिलाय, पण तो चाचणीतला. एसी लावून, शंभरच्या वेगाने पारोळा ओलांडताना तो दिसणार नाही.

कारण साधं आहे. जळगावात अजिंठा चौफुलीपासून आकाशवाणी चौकापर्यंत तुम्ही जितक्या वेळा ब्रेक मारता, तितक्या वेळा हायब्रिडची मोटर जनरेटर होते आणि गाडीच्या वेगातली ऊर्जा बॅटरीत परत भरते. हायवेवर ब्रेकच लागत नाही. तिथलं पेट्रोल जातं हवा कापण्यात, आणि हवेला दिलेली ऊर्जा कुठलीच मोटर परत आणत नाही. त्यात हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो, हवेचा अडथळा दीडपटीच्याही थोडा वर जातो. सव्वा टनाच्या आसपासची उंच गाडी सपाट रस्त्यावर ९० ने चालली असेल तर टायरच्या एक भाग अडथळ्यामागे हवेचा ढोबळमानाने दोन भाग असतो.

अपेक्षा आधीच जमिनीवर ठेवलेली बरी. हवेचा अडथळा १० टक्के कमी केला तर हायवेवरचं पेट्रोल साधारण ५ टक्के वाचतं. म्हणजे ज्याला २० मिळतं त्याला २१. मोबाइलवरच्या व्हिडिओत कुणी दुप्पट ॲव्हरेज दाखवत असेल तर तो दुसरंच काहीतरी विकतोय.

पायरी १ : आधी मोजा

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात, आणि मग पत्रे ठोकून झाल्यावर "फरक पडलाय असं वाटतं" म्हणतात.

टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. ओळखीचा, बऱ्यापैकी सपाट रस्ता निवडा. जळगावकरांना एरंडोल-पारोळ्याकडचा, धुळेकरांना शिरपूरकडचा सोयीचा. क्रूझ कंट्रोलवर ८० किंवा ८५ चा एकच वेग धरा. जा आणि त्याच रस्त्याने परत या, दोन्हींचा मिळून एक आकडा घ्या. एकाच दिशेचा आकडा खान्देशात काही सांगत नाही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पश्चिमेचा वारा पाठीशी असला की गाडी आपोआप गुणी होते, परतीला तोच वारा सगळं वसूल करतो. उन्हाळ्यात पहाटे निघा. दुपारच्या झळांमध्ये मोजून उपयोग नाही.

हायब्रिडचा एक वेगळा घोळ आहे. सुरुवातीला बॅटरी भरलेली आणि शेवटी रिकामी असेल, तर उधारीच्या विजेवर आकडा चांगला दिसतो. म्हणून निघताना आणि पोहोचताना बॅटरीच्या काड्या सारख्या आहेत ना ते पाहा. एसी एकाच तापमानावर, माणसं तेवढीच.

मे महिन्यातला आकडा डिसेंबरशी कधीच ताडून पाहू नका. ४० अंशांच्या हवेपेक्षा १० अंशांची हवा सुमारे १० टक्के दाट असते. म्हणजे काही न करताच गाडीवरचा अडथळा तेवढा बदलतो. चाचणी एकाच सकाळी घ्या: बदल न करता एक फेरी, बदल करून एक, पुन्हा बदल काढून एक. पहिली आणि तिसरी जुळली तरच दुसरीवर विश्वास ठेवा.

पायरी २ : लावण्याआधी काढा

सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि खर्च शून्य. टपावरचं कॅरिअर उतरवा. अमेरिकी सरकारच्या इंधन बचतीच्या माहितीनुसार टपावरची मोठी, बोथट पेटी वेगवान महामार्गावर १० ते २५ टक्के इंधन खाते. आपल्याकडे लग्नसराईत बांधलेलं कॅरिअर पुढच्या लग्नसराईपर्यंत तसंच असतं, त्यावर दोरीचं एक टोकही फडफडत असतं. गावाकडून येताना केळीची फणी किंवा गव्हाची गोणी आणायची असेल तर डिकीत, मागची सीट पाडून आणा.

पुढचं लोखंडी बंपर गार्डही काढा. ते तसंही बेकायदा आहे, आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा आणतं. झेंड्याची काठी, खिडक्यांवरचे जाड वायझर, बॉनेटवरची शोभेची जाळी, सगळं उतरवा. मडफ्लॅप मात्र राहू द्या. टायरच्या रुंदीबाहेर आलेला भाग कापला तरी चालेल, पण पावसाळ्यात काळ्या मातीचा रस्ता लागला की मडफ्लॅप नसलेल्या गाडीमागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडी शिव्याच असतात. आणि बाजूचे आरसे काढून कॅमेरे लावायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या.

पायरी ३ : लोकर चिकटवून वारा बघा

गाडीच्या रंगावर उठून दिसेल अशी लोकर घ्या, बोटभर लांबीचे तुकडे करा आणि मास्किंग टेपने वीतभर अंतरावर ओळीत चिकटवा: बॉनेटवर, आरशामागे, टपाच्या मागच्या कडेला, मागच्या काचेवर, मागच्या चाकापुढे. मग मोकळ्या रस्त्यावर मित्राला शेजारच्या गाडीतून व्हिडिओ घ्यायला सांगा. व्हिडिओ घेणारा गाडी चालवणारा नको.

बॉनेटवरचे धागे तेल लावून चोपल्यासारखे मागे पडलेले दिसतील. आरशामागचे थरथरतील. आणि मागच्या काचेवरचे धागे गोल फिरतील, काही तर उलटे, वर टपाकडे तोंड करतील. हवा तिथे गाडीला सोडून सुटलेली असते, मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि तीच गाडीला मागे ओढते. उंच, चौकोनी ढुंगणाच्या गाडीचं सगळ्यात मोठं नुकसान याच जागी होतं.

यावर उपाय आहे. गाडीची शेपटी हळूहळू निमुळती करायची आणि मग सरळ कापायची. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीचा पाठीमागून कापल्यासारखा आकार त्यातूनच आलेला. परदेशात हौशी लोक प्लास्टिकच्या शीटची शेपटी बनवून गाडीला जोडतात आणि फायदाही मिळवतात. आपण करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीची लांबी बदलते, नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात, आणि अपघात झाला की विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. लोकर आपल्याला कुठे हात लावायचा नाही हेही दाखवते.

पायरी ४ : गाडीचं पोट सपाट करा

घरी करण्याजोगं खरं काम हे. वरून गुळगुळीत दिसणारी गाडी खालून नळ्या, खोबणी आणि नटबोल्टांनी भरलेली असते आणि हवा त्या प्रत्येकाला अडखळत जाते.

आधी कंपनीचं कव्हर जागेवर आहे का ते पाहा. बहुतेक गाड्यांना इंजिनखाली प्लास्टिकचं कव्हर असतं. एखादा बिनरंगी गतिरोधक घासला की त्याच्या दोन क्लिपा तुटतात, कव्हर लोंबायला लागतं आणि मिस्तरी ते काढून डिकीत टाकतो: "काही व्हस नही भाऊ, ऱ्हाऊ द्या." होतं, भाऊ. नव्या क्लिपा घेऊन ते आधी बसवा. पुढच्या चाकांसमोरच्या छोट्या प्लास्टिक पट्ट्याही तपासा. त्या टायरवर थेट येणारी हवा वळवतात, आणि पहिल्यांदा त्याच तुटतात.

आता सुरक्षेचं, आणि यात सवलत नाही. हायब्रिडचं इंजिन बंद दिसलं तरी गाडी चालू असू शकते आणि इंजिन अचानक स्वतःहून सुरू होतं. गाडी पूर्ण बंद करा, स्मार्ट चावी घरात लांब ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. ओळखीच्या गॅरेजची रॅम्प तासभर मागून घ्या. खाली नारंगी रंगाच्या जाड वायरी दिसतील. त्या हाय व्होल्टेजच्या आहेत. त्यांच्या आसपास ड्रिल नाही, स्क्रू नाही, केबल टायसुद्धा नाही.

मटेरियल म्हणून निवडणुकीत खांबाखांबावर लागतो तो पोकळ नळ्यांचा प्लास्टिक बोर्ड स्वस्त आणि हलका पडतो, फ्लेक्सवाल्याकडे मिळतो. टिकाऊ हवं असेल तर एबीएस किंवा एचडीपीई प्लास्टिकची ३ मिलीमीटरची शीट घ्या. आधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा खाली धरून साचा कापा, मग तो शीटवर उतरवा. तुकडे लहान ठेवा, एकच मोठा पत्रा नको. रचना कौलांसारखी हवी: पुढच्या तुकड्याची मागची कड रस्त्याच्या बाजूने यावी आणि मागच्या तुकड्याची पुढची कड तिच्या आड लपावी, म्हणजे हवा कडेत शिरून तुकडा उचकटणार नाही. बसवताना गाडीला आधीच असलेली भोकं आणि बोल्टच वापरा. पुढची बाजू बोल्टवर, मागची केबल टायवर. कुठे अडकलंच तर टाय तुटेल, गाडी नाही.

सायलेन्सरची नळी आणि तिच्यावरचा धूर स्वच्छ करणारा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, झाकायचे नाहीत. त्यांच्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा, जवळ काही लावायचंच असेल तर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. इंजिनच्या खोलीतली गरम हवा मागून बाहेर पडते, ती वाट आणि इंजिन ऑइल काढायची जागाही उघडी ठेवा. पाणी निचरायला तुकड्यांना भोकं पाडा.

एक गोष्ट आपल्या भागाची. हंगामात रस्त्यावर पीक पसरलेलं असतं, कडब्याच्या काड्या असतात. त्या शीटवर अडकून गरम सायलेन्सरजवळ साचल्या तर पेटू शकतात. अशा रस्त्यावरून आलात की खाली वाकून बघा. पावसाळ्यात शीटच्या वरच्या बाजूला काळी माती थापली जाते आणि किलोंनी वजन वाढतं. ती उघडून धुवावी लागते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी फक्त कंपनीचं कव्हर नीट ठेवावं, तेवढंही पुष्कळ.

बसवल्यावर आधी ४०, मग ६० ने जाऊन थांबा, हात लावून बघा, वास घ्या. मग सगळी माणसं बसवून गावातल्या सगळ्यात वाईट गतिरोधकावरून न्या.

पायरी ५ : चाकं

उघड्या अलॉय व्हीलमध्ये हवा घुसळली जाते, म्हणून सपाट चकत्या लावतात. १९९९ च्या पहिल्या होंडा इनसाइटला तर मागची चाकं अर्धी झाकूनच बाजारात आणलं होतं. आपण फक्त मागच्या चाकांना लावाव्यात: ३ मिलीमीटरच्या शीटची गोल चकती, प्रत्येक स्पोकला दोन केबल टाय, हवा भरायच्या नोजलपुरतं भोक. पुढची चाकं उघडीच बरी. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरून येताना हायब्रिड आधी बॅटरीत ऊर्जा भरते, पण ग्रँड व्हिटाराची बॅटरी एका युनिटपेक्षाही लहान आहे. ती उतार संपण्याआधी भरते. त्यानंतर भार इंजिन ब्रेकिंगवर आणि डिस्क ब्रेकवर येतो, आणि डिस्क थंड राहायला वारा लागतो.

पायरी ६ : जाळी, तीही फक्त थंडीत

पुढची जाळी अर्धवट झाकली की हवा इंजिनच्या खोलीत न घुसता बाजूने निघून जाते. शिवाय इंजिन लवकर तापतं, त्यामुळे हायब्रिड ते लवकर बंद करू शकते. पण त्या जाळीमागे इंजिनचा रेडिएटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) थंड ठेवणारा रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर, तिघे हवेची वाट बघत असतात. भुसावळला पारा ४५ च्या वर जातो त्या दिवसांत जाळी झाकणं म्हणजे पाच रुपयांचं पेट्रोल वाचवून इन्व्हर्टरवर संकट आणणं.

होळी ते दिवाळी जाळी पूर्ण उघडी. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे कडाका पडतो तेव्हा, एसी बंद असताना, एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोमचा पाइप उभा चिरून जाळीच्या पट्ट्यांवर बसवा. एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) मोबाइलला जोडून कूलंटचं तापमान बघत राहा. नेहमीपेक्षा पाच-सात अंश वर गेलं की फोम काढा. लोगोमागे रडार असेल तर तो भाग मोकळा सोडा.

कायदा आणि सर्व्हिसिंग

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून लांबी-रुंदी वाढेल, दिवे किंवा नंबर प्लेट झाकली जाईल, असं काहीही नको. गाडीला नवं भोक पाडायचं नाही; वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो. सर्व्हिसिंगला देण्याच्या आदल्या दिवशी पोटाचे तुकडे आणि चकत्या स्वतः उतरवा, क्लिपा आणि बोल्ट एका डबीत भरून घरी ठेवा. गाडी परत आली की कंपनीच्या कव्हरच्या क्लिपा मोजून घ्या, आणि मगच आपले तुकडे चढवा.